आई पडायच्या आधी करायची कामं

आमची आई बाथरूममध्ये घसरली तो मंगळवार होता, सकाळचे साडेसहा, आणि खुब्याचं हाड मोडलं. मोठा भाऊ, म्हणजे दादा, दारात उभा राहून "आई ऊठ, चहा" एवढंच म्हणत होता, शेवटी शेजारच्या काकूंनी आवाज ऐकला म्हणून कळलं तरी. दादा ४२ वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग, लहानपणापासून फिट्स येतात. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. मी नाशिकमध्ये इंदिरानगरला, ते दोघं जेलरोडला, एकाच गावात, आणि मी आपली समजत होते की दादाचं मला सगळं माहितीये. आई अकरा दिवस दवाखान्यात होती तेव्हा कळलं की काहीच माहीत नाही. गोळी सकाळी अर्धी की रात्री अर्धी? पाकिटावर बघावं तर आईने स्ट्रिप कात्रीने कापून डब्यात ठेवलेली, औषधाचं नाव गेलं दुसऱ्या तुकड्यावर. चुकायचं ते चुकलंच, तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली.

आपल्याकडे अशा मुलांचे सगळे पालक एकच वाक्य बोलतात, "आमच्यानंतर याचं काय?" आणि ते "नंतर" म्हणजे आपण गेल्यावर असं धरून चालतात, मग एफडी करतात, पॉलिसी काढतात, देवाला हात जोडतात. पण ते नंतर असं सांगून येत नाही हो, आई चांगली जिवंत असते, फक्त उठू शकत नसते. म्हणून मी खाली ज्या क्रमाने लिहिलंय तोच धरा असं माझं म्हणणं: आधी वही, मग सवय, मग कागद, आणि पैसा त्याच्याही नंतर. बहुतेक घरांत बरोबर उलटं चालतं.

वही

साधी दोनशे पानी वही आणा, डायरी नको, डायरीला तारखा असतात आणि मग कुणी लिहीत नाही. आईला (किंवा जो कोणी रोजचं करतो त्याला) समोर बसवा आणि "दादाला काय काय लागतं?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "काही नाही गं, शहाणा आहे माझा" असंच येतं. "काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांग" असं विचारा आणि ती बोलेल ते तसंच्या तसं उतरवा. आम्हाला चार दुपारी लागल्या. आमच्या वहीतल्या काही ओळी:

"आंघोळीच्या पाण्यात आधी डावा हात घालून बघतो, तोवर थांबायचं, घाई केली की बादली लाथाडतो."

"वरणात कोथिंबीर दिसली की ताट सरकवतो. भूक नाही असं नाही, कोथिंबीर काढून परत द्यायचं."

"पोट दुखलं तर सांगता येत नाही, उजवा कान ओढतो."

ही शेवटची ओळ बघा. हे आईला माहीत आणि जगात दुसऱ्या कुणालाच नाही, उद्या नवीन डॉक्टर कानाचा एक्सरे काढत बसला असता आणि दुखत असतं पोट. अशा दहा-बारा ओळी प्रत्येक घरात असतात. वहीचा अर्धा जीव त्याच्यातच आहे.

औषधांना वेगळं पान, पहिलंच. गोळीचं नाव, किती एमजी, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कुठल्या डॉक्टरांची, आणि मागे कुठली गोळी बदलली तेव्हा काय झालं तेही. अख्ख्या स्ट्रिपचा फोटो काढून दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. आणि स्ट्रिप कापायचीच असेल तर नाव असलेला तुकडा सगळ्यात शेवटी संपवायचा, हा नियम मी आमच्या आईला तीनदा सांगितलाय. फिटची गोळी संपायच्या आठ दिवस आधीच आणायची, ती मध्येच बंद करून चालत नाही, एकदम थांबली की फिट्स उलट जोरात येतात.

जे लिहून कळत नाही त्याचा व्हिडिओ करा, उदा. दाढी करताना आई त्याची मान कशी धरते. आंघोळीबिंघोळीचा मात्र करू नका, आणि कुठलाही व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, तो मोठा माणूस आहे.

फिट आली तर

हे वहीच्या मागच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा कारण ऐनवेळी घरात जमलेले चार लोक चार गोष्टी करतात. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल नाही, हातात किल्ल्या द्यायच्या नाहीत. तोंडात चमचा, बोट, फडकं काहीही घालायचं नाही, दात तुटतात नाहीतर तुमचं बोट तुटतं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याजवळचं बटण काढा, आणि झटके थांबले की एका कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर पडेल. आणि घड्याळ बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. पाच मिनिटांच्या वर गेलं, किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली, तर १०८ ला फोन. पूर्ण जागा झाल्याशिवाय पाणी पाजायचं नाही.

सवय, म्हणजे रंगीत तालीम

वही झाली की खरं काम सुरू होतं. आई नसताना राहायची दादाला सवय, आणि दादा नसताना राहायची आईला. दुसरं जास्त अवघड आहे, आधीच सांगते.

आधी एक दुपार, मग एक संध्याकाळ जेवणासकट, मग एक रात्र, मग दोन, असं वर्षभर हळूहळू वाढवत न्यायचं. आमच्याकडे पहिल्या रात्री दादा बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन, दाराजवळच्या खुर्चीवर रात्री दोनपर्यंत बसून होता. बोलला नाही, रडला नाही, नुसता बसून. आणि तिकडून आईचे सहा फोन. दुसऱ्या खेपेला मी आईच्या फोनची वेळ ठरवून टाकली, रात्री नऊला एकदाच, आणि दादाला घरून त्याची उशी आणि त्याचा तो चट्ट्यापट्ट्याचा टॉवेल आणायला लावला, त्या वेळी तो अकराला झोपला. चौथ्या-पाचव्या वेळेला त्याने माझ्याकडच्या कपाटातला खालचा कप्पा स्वतःच रिकामा केला (माझ्या मुलीची पुस्तकं पलंगावर फेकून) आणि आपले कपडे लावले. तेव्हा मला कळलं की जमणार.

एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका: तालीम फक्त माझ्याच घरी केली. पुढे मी आजारी पडले तर? म्हणून आता मावसभाऊ आणि शेजारच्या काकू हे दोघंही महिन्यातून एकदा येऊन त्याच्यासोबत दुपार काढतात, वही वाचून. काकूंनी वहीत दोन ओळी स्वतः वाढवल्या, आम्हालाही माहीत नसलेल्या.

मोठ्या माणसाला नवीन काम शिकवायचं तर एक युक्ती आहे, ती विशेष शाळेतल्या बाईंनी आईला सांगितली होती आणि आई विसरून गेली होती. शेवटची पायरी आधी शिकवा. शर्ट घालायचा तर सगळं तुम्ही करा आणि फक्त शेवटचं खाली ओढणं त्याच्यावर सोडा. ते जमलं की शेवटचं बटण आणि ओढणं, मग दोन बटणं. काम प्रत्येक वेळी त्याच्या हातून पूर्ण होतं त्यामुळे चिडचिड होत नाही. दूध आणायलाही आम्ही तसंच शिकवलं. आधी मी डेअरीपर्यंत सोबत, पैसे मी दिले, पिशवी त्याने उचलली. मग पैसे त्याने द्यायचे, दोन पिशव्यांचे अगदी मोजून, सुटे परत घ्यायची भानगडच नको. मग मी कोपऱ्यावर थांबले. मग गेटवर. सात महिने लागले. आता रोज सकाळी जातो, आणि डेअरीवाल्या भाऊंना सांगायला त्याच्याकडे कायम एकच बातमी असते, पावसाळ्यात गंगेला (म्हणजे गोदावरीला) पाणी आलं की ते नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत आलं की छातीपर्यंत. ऑगस्टमध्ये त्याला एकदा तरी रामकुंडाकडे न्यावंच लागतं, दुरून का होईना, नाहीतर घरात कुणाला चैन पडू देत नाही.

अंगाला कोण हात लावू शकतं, कोण नाही, हेही शिकवायचं असतं. मोठ्या मुलींच्याच नाही, मुलग्यांच्याही बाबतीत. घरात हा विषय कुणी काढत नाही, पण उद्या त्याला परक्या माणसाच्या हातून आंघोळ घालून घ्यावी लागणार आहे. "नको" म्हणता येणं आणि नको म्हटल्यावर आपण थांबणं, ही तालीम घरात रोज करता येते.

दहा ते पाच

विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते आणि त्याच्यानंतर आपल्याकडची बहुतेक मुलं टीव्हीसमोर बसतात, वजन वाढतं, चिडचिड वाढते, आणि आईचा दिवस संपतच नाही. तेव्हा दिवसा कुठेतरी जाणं, मग तिथे पणत्या रंगवा नाहीतर कागदी पिशव्या करा, हे कमाईसाठी नसून माणसात राहण्यासाठी असतं. नाशिकमध्ये रजनीताई लिमयेंनी १९७७ साली प्रबोधिनी ही विशेष शाळा सुरू केली ती स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने, आणि मोठ्यांच्या कार्यशाळेचा विचार तिथे फार आधी झाला. दृष्टिहीनांसाठी सातपूरला नॅब आहे. आधी फोन करा, मग मुलाला घेऊन जाऊन बघा, प्रवेश लगेच मिळेल असं नाही, नाव नोंदवून ठेवा.

कुठेच जागा नसेल तर घरच्या घरीही दिवस बांधता येतो. दादाला आम्ही सोसायटीतल्या तीन घरांची कामं लावून दिलीयेत: एका आजींच्या कुंड्यांना पाणी, दुसऱ्यांचा पेपर वर नेऊन देणं, तिसऱ्यांकडे आठवड्यातून दोनदा शेंगा सोलणं. पगार दहा-वीस रुपये आणि चहा. पण उद्या हा दोन दिवस दिसला नाही तर तीन घरं विचारायला येतील की, "दादा कुठेय?" पन्नास लाखांच्या एफडीने हे होत नाही.

कागद

इथे धीर धरा, चकरा होणार.

सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. जुनं सिव्हिलचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून कपाटात असेल तर ते पुरेसं नाही असं धरा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. कुठल्या दिव्यांगत्वाची तपासणी कुठल्या वारी ते आधी विचारून जा, नाहीतर त्र्यंबक रोडवर उन्हात उभं राहून परत यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के दिव्यांगत्व ही रेघ आहे. जाताना त्याच्या खायच्या वस्तू, पाणी, आणि गर्दीचा त्रास असेल तर कानात घालायला काहीतरी न्या. आधारचे बोटांचे ठसे येत नसतील तर आधार केंद्रावर त्याच्यासाठी वेगळी सोय आहे, "ठसे येत नाहीत, होणार नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकून परत येऊ नका.

मग कायदेशीर पालकत्व. हे कितीतरी पालकांना माहीतच नसतं, की मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास ही केंद्र सरकारची संस्था, तिचा कायदा १९९९ चा, त्याच्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चौघांसाठी स्थानिक स्तर समिती पालक नेमून देते, समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत एक संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. कोर्टात जावं लागत नाही, वकील लागत नाही. अर्ज आईवडील, भाऊबहीण, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो, हे कुणी सांगत नाही आणि मग राहून जातं. आणि पालक झालो म्हणजे त्याचा फ्लॅट आपला झाला असं नाही, हे भावाबहिणींनी नीट समजून घ्यावं.

आमच्या वेळी समितीच्या साहेबांनी फाइल बाजूला ठेवली आणि थेट दादाला विचारलं, "तुला कुणाकडे राहायला आवडतं?" दादा म्हणाला "आई." मग म्हणाला "ताई पण, तिच्याकडे टीव्ही मोठाय." मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान आहे पण तो मला ताईच म्हणतो. खोलीतले सगळे हसले, पण तो प्रश्न त्याला विचारला गेला हे मला फार बरं वाटलं. तुम्हीही विचारत जा, समितीपुढे जायच्या आधी घरात.

ज्यांचं दिव्यांगत्व फक्त शारीरिक आहे त्यांना पालकाची गरजच नाही, सही त्यांची, खातं त्यांचं, निर्णय त्यांचा. आणि स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असेल तर ही समिती नाही, तिथे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा लागतो, आणि त्या माणसाला आपला प्रतिनिधी स्वतः लिहून देता येतो. हे सगळं एकात एक मिसळून सांगणारे फार भेटतात.

बँकेत काय होतं तर काउंटरवरचे म्हणतात, कोर्टाची ऑर्डर आणा. आम्हाला एका बँकेने तीनदा परत पाठवलं. समितीचं प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला चालतं असं रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच सगळ्या बँकांना कळवलेलं आहे, ते परिपत्रक प्रिंट काढून सोबत न्या, मॅनेजरच्या टेबलावर ठेवा आणि नकार द्यायचाच असेल तर लेखी द्या म्हणा. लेखी म्हटलं की चहा येतो.

आता पेन्शन. नाशिकमध्ये हा मुद्दा घरोघरी आहे कारण नोटांच्या प्रेसमध्ये, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, रेल्वेत, शाळांत नोकरी केलेले आईवडील पुष्कळ. सरकारी पेन्शनवाल्याच्या कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते, वयाची पंचविशीची अट त्याला नाही. पीएफ कापणाऱ्या कंपन्यांतल्यांच्या ईपीएफ पेन्शनमध्येही कायमच्या पूर्ण दिव्यांग मुलासाठी तरतूद आहे. पण हे पेन्शनर हयात असतानाच करून घ्या: मुलाचं नाव कुटुंबाच्या यादीत घाला, सर्टिफिकेट जोडा, केंद्र सरकारचं असेल तर पीपीओमध्ये (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) नाव चढवून घ्या आणि मुलाच्या वतीने पैसे कोण घेणार तेही लिहून द्या. बाबांनी अर्ज भरला होता, पोच घेतली नव्हती. पुढचं दीड वर्ष मी काय केलं ते लिहीत नाही, पण पोच घ्या. शिक्का मारलेली.

बाकीचं पटापट सांगते. निरामय ही राष्ट्रीय न्यासचीच आरोग्य विमा योजना आहे, त्याच चार दिव्यांगत्वांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी तपासणी नाही, ओपीडी आणि थेरपीही धरतात, फी किरकोळ, पण दरवर्षी रिन्यू करायची आठवण ठेवा. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला २५०० रुपये झालेत, आधी १५०० होते, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे त्यामुळे नोकरदार घरं त्याच्यात बसत नाहीत. एसटीला तिकिटात ७५ टक्के सवलत, रेल्वेला बौद्धिक दिव्यांग आणि सोबतचा एक अशा दोघांना स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के. इन्कम टॅक्समध्ये जुनी पद्धत घेतली तर अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा त्याच्या वर असेल तर सव्वा लाख. आणि महापालिकेला आपल्या पैशातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो, राजीव गांधी भवनात जाऊन सध्या त्याच्यातून काय चालू आहे ते विचारा. मागितल्याशिवाय घरी कुणी आणून देत नाही.

पैसा

थोडक्यात. फ्लॅट किंवा एफडी थेट त्याच्या एकट्याच्या नावावर ठेवून डोळे मिटू नका, आणि "धाकटीच्या नावावर करतो, ती बघेल" असंही नको. धाकटी बघेल हो, पण धाकटीचाही अपघात होऊ शकतो, तिच्या घरचे उद्या काय म्हणतील कुणी सांगावं, हे मी धाकटी असून लिहितेय. मृत्युपत्र करा, साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, त्यामुळे नुसतं बँकेत नाव घातलं की झालं असं नाही. मालमत्ता बऱ्यापैकी असेल तर मुलाच्या फायद्यासाठी खासगी ट्रस्ट करता येतो, १८८२ च्या ट्रस्ट कायद्याखाली, ट्रस्टी किमान तीन ठेवा आणि त्यातला एक तरी नात्याबाहेरचा आणि तुमच्यापेक्षा तरुण. सगळे ट्रस्टी सत्तरीचे असलेला ट्रस्ट मी पाहिलाय. आणि त्या कागदांसोबत वहीची एक झेरॉक्स ठेवा, पैसे कशावर खर्च करायचे ते त्यातूनच कळणार ना.

राहायची जागा

कधीतरी हा निर्णय येतोच. आमच्या आईला "संस्था" शब्द काढला की डोळ्यात पाणी यायचं, लोक काय म्हणतील, टाकून दिलं म्हणतील. मी तिला एवढंच म्हटलं की माझं लग्न होऊन मी घर सोडलं तेव्हा तू सनई लावली होतीस.

नाशिकजवळ पिंपळगाव बहुला इथे घरकुल आहे, बौद्धिक दिव्यांग मुली आणि बायकांसाठी. बदलापूरची आधार ही तर पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली, तिचं नाशिककडेही केंद्र आहे. पुण्याकडे मुळशीत साधना व्हिलेज आहे, तिथे छोट्या घरांत कुटुंबासारखं राहतात. राष्ट्रीय न्यासच्याही समर्थ आणि घरौंदा नावाच्या निवासी योजना होत्या, आता त्या एकत्र करून समर्थ-कम-घरौंदा अशी एकच केलीये.

कुठलीही जागा बघायला जाल तेव्हा ऑफिसातल्या फोटोंवर जाऊ नका. एकदा ठरवून जा आणि एकदा न सांगता, जेवायच्या वेळी. संडासचा वास घ्या. प्रत्येकाचं स्वतःचं कपाट आहे का, अंगावरचे कपडे त्याचेच आहेत का गठ्ठ्यातले, ते बघा. रात्री किती माणसं ड्यूटीवर असतात ते विचारा, दिवसाचं सगळे सांगतात. गोळ्या कोण देतं, कुठे लिहून ठेवतं. डिपॉझिट परत मिळतं का, कधी. दिवाळीला घरी नेता येतं का. आईवडील गेल्यावर फी कोण भरणार याचा करार आहे का. आणि तिथे राहणाऱ्याशी पाच मिनिटं एकट्याने बोलू द्या म्हणा. "नाही" म्हणाले तर चहा पिऊन निघा.

संस्थाच पाहिजे असंही नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात समाजात राहायचा हक्कच दिलाय, म्हणजे चार भिंतींच्या आड ठेवणं हा एकच मार्ग नाही. आम्ही चार घरं मिळून सध्या एक प्रयोग करतोय: जेलरोडलाच एक दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने, महिन्यातून दोन शनिवार-रविवार चौघं दादालोक तिथे राहतात, सोबत एक स्वयंपाकाच्या मावशी आणि रात्रीला एक मदतनीस, आणि आळीपाळीने एक पालक. मदतनीस ठेवताना पोलीस व्हेरिफिकेशन केलं, सुट्टीच्या दिवशी कोण येणार ते आधी ठरवलं, आणि पहिला महिना एकालाही त्याच्यासोबत एकटं ठेवलं नाही. सोसायटीच्या मीटिंगला एक गृहस्थ म्हणाले, लहान मुलांना भीती वाटेल. आम्ही वाद घातला नाही, पुढच्या शनिवारी संध्याकाळी सगळ्या मजल्याला मिसळ खायला बोलावलं. ते गृहस्थ आले नाहीत, त्यांची नातवंडं आली. एकाच्या आईने मात्र दोन महिन्यांनी नाव काढून घेतलं, मुलगा रात्रभर ओरडत होता, त्याला नाही जमलं. सगळ्यांना जमतंच असं नाही.

भावाबहिणींनी आपसात एकदा तरी नवरे-बायकांसकट बसून बोलून घ्या, कोण दिवस देणार, कोण पैसे देणार, कोण नुसतं फोनवर विचारणार. परदेशातला भाऊ असेल त्याला बँकेची आणि रिन्यूअलची कामं द्या, ती तिथून होतात. आणि जो रोजचं करतो त्याला महिन्यातून दोन दिवस सुट्टी, न विचारता. आमची आई पहिल्या सुट्टीच्या शनिवारी दुपारी झोपली ती संध्याकाळी सातला उठली, वॉकर घेऊन गॅलरीत गेली आणि म्हणाली, आज दिवसच नव्हता का.

कुंभमेळ्याचं तेवढं

२०२७ ला सिंहस्थ आहे, पर्वण्यांच्या दिवसांत रस्ते बंद होणार, आपली रोजची वाट बदलणार, आणि वाट बदलली की आपली मुलं चुकतात. औषधांचा साठा दीड महिन्याचा करा. गर्दीत न्यायचंच असेल तर त्याच दिवशीचा, त्याच कपड्यातला फोटो निघताना मोबाइलमध्ये काढून ठेवा, हरवला तर पोलीस पहिलं तेच विचारतात की काय घातलं होतं. गळ्यातलं कार्ड दादा काढून फेकतो, म्हणून मी टेलरकडून त्याच्या सगळ्या शर्टांना आतून एक छोटा खिसा शिवून घेतला, त्यात प्लास्टिकमध्ये कार्ड: नाव, दोन फोन नंबर, "फिट येते" आणि गोळीचं नाव. एका शर्टाला टेलरने तीस रुपये घेतले. दादाने पहिल्याच दिवशी त्यात लिमलेटची गोळी ठेवली आणि धुण्यात गेली, तर आता दोन खिसे शिवलेत, एक कार्डाचा आणि एक त्याचा.